भिंतीला चौदावा क्रमांक देणाऱ्या तक्त्याविषयी : पुणे महानगरपालिकेच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका,
तसेच बांधकाम परवानगी विभागातील अभियंते आणि शहरातील बांधकाम व्यावसायिक

विषय : खोदाई सुरू होण्यापूर्वी धोक्यांचा क्रम ठरवण्याच्या पद्धतीत बदल करण्याबाबत

महोदय,

मी स्थापत्य अभियंता आहे. तेहतीस वर्षे पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातल्या साइटवर काढली, त्यातली शेवटची अकरा वर्षे सुरक्षेचे काम पाहिले आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आता कोणाची नोकरी नाही आणि कोणाकडे बिल अडकलेले नाही, त्यामुळे जे सांगायचे आहे ते मोकळेपणाने सांगता येईल. हे पत्र एका तक्त्याविषयी आहे. कामात कोणकोणते धोके आहेत आणि त्यांतला कोणता आधी हाताळायचा, हे ठरवणारा तक्ता आज बहुतेक मोठ्या साइटच्या फायलीत असतो. कागदोपत्री त्याला रिस्क रजिस्टर म्हणतात, साइटवर ‘धोके ओळखणे आणि जोखीम मोजणे’ या अर्थाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘हिरा’ म्हणतात. ऑडिटच्या आदल्या दिवशी ‘हिरा भरला का?’ असा फोन आला नाही, असा सुरक्षा अधिकारी मला तरी भेटलेला नाही. हा तक्ता ज्या पद्धतीने धोक्यांना क्रमांक देतो, ती पद्धत नेमक्या जीवघेण्या धोक्यांच्या बाबतीत चुकते, हे मला आपल्यासमोर मांडायचे आहे. माझे हे म्हणणे पुस्तकातून आलेले नाही. असा एक चुकलेला तक्ता मी स्वतः भरला होता.

साइटचे आणि कंपनीचे नाव सांगत नाही. दोन तळघरांसाठी साडेसात मीटर खोल खोदाई चालली होती. पूर्वेला शेजारच्या सोसायटीची जुनी दगडी कंपाउंड वॉल होती आणि तिच्या पलीकडे भराव टाकून पार्किंग केलेले होते, म्हणजे पलीकडची जमीन आमच्या बाजूपेक्षा अडीच मीटरने उंच होती. बांधणाऱ्याने ती कुंपण म्हणून बांधली असावी, पण भराव पडल्या दिवसापासून ती मातीचा लोंढा अडवण्याचे काम करत होती. पाणी निघायला तिला एकही भोक नव्हते. भिंत आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये चारेक मीटरची पट्टी उरली होती, आणि साइटवर दुसरीकडे जागा नाही म्हणून त्याच पट्टीत, भिंतीला पाठ लावून, कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या उभ्या होत्या.

माझ्या तक्त्यात एकूण एकतीस धोके होते. प्रत्येकाला शक्यतेसाठी एक ते पाच आणि परिणामासाठी एक ते पाच असे गुण द्यायचे, दोहोंचा गुणाकार करायचा आणि येणाऱ्या आकड्याप्रमाणे उतरत्या क्रमाने यादी लावायची. पहिला क्रमांक स्टीलच्या दरवाढीला मिळाला, चार गुणिले चार, सोळा. हेल्मेट न घालण्याला पाच गुणिले तीन, पंधरा. शेजारच्या भिंतीला परिणामाचे पाच गुण दिले, कारण ती पडली तर माणसे मरतील हे कळत होते. शक्यतेला मात्र एक गुण दिला, कारण भिंत अठरा वर्षे उभी होती आणि अठरा वर्षे उभी असलेली भिंत उद्या का पडावी, असा साधा विचार केला. गुणाकार पाच, क्रमांक चौदावा. दर सोमवारच्या बैठकीत वरच्या दहा धोक्यांवर चर्चा व्हायची, त्यामुळे भिंतीचा विषय कधी निघालाच नाही.

आमचा मुकादम परभणीकडचा होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने मला खोल्यांच्या मागे नेले आणि म्हणाला, “साहेब, भिंतीला पोट आलंय.” एका उभ्या भेगेवर त्याने बोटभर रुंदीची सिमेंटची पट्टी लिंपली होती आणि ती ओली असतानाच खिळ्याने तीवर तारीख कोरली होती, ११ जून. भेग वाढत असेल तर पट्टी तडकते. त्याला हे कोणी शिकवले होते कोण जाणे, पण जुन्या इमारतींची पाहणी करणारे अभियंते भेगेवर काचेची पट्टी बसवतात, तेच त्याने घमेल्यात उरलेल्या मालाने केले होते. १९ तारखेला पट्टीवर केसाएवढी चीर आली. मी फोटो काढले, ईमेल पाठवला, सल्लागाराला बोलावण्याचे ठरले. तक्त्यात शक्यतेचा गुण मात्र एकच राहिला, कारण तक्त्याची उजळणी तीन महिन्यांतून एकदा व्हायची आणि ती जुलैअखेरीस होती.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी, दोन दिवसांच्या सततच्या पावसानंतर, भिंतीचा चौदा मीटरचा तुकडा पार्किंगच्या मातीसह सहा खोल्यांवर आला. त्या सहाही खोल्या रिकाम्या होत्या. शुक्रवारी पाण्याचा टँकर चिखलात तिथवर पोहोचेना, म्हणून मुकादमाने ती कुटुंबे पश्चिमेच्या गेटजवळ हलवली होती. ती माणसे आमच्या सुरक्षा व्यवस्थेमुळे वाचली असे मी कधी म्हटले नाही, ती टँकरमुळे वाचली. कोणी मेले नाही, म्हणून बातमीही आली नाही. सोमवारी मी तक्त्यात शक्यतेचा एक खोडून चार केला. गुणाकार वीस झाला आणि पडून गेलेली भिंत यादीत पहिली आली.

टँकर अडला नाही की काय होते, हे या शहराने पाहिले आहे. २९ जून २०१९ रोजी रात्री पावणेदोनच्या सुमारास कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. भिंतीलगत उभ्या असलेल्या मोटारीही खाली आल्या आणि १५ जण मरण पावले, त्यांत लहान मुले होती. त्यानंतर तीनच दिवसांनी आंबेगावात एका शैक्षणिक संकुलाची भिंत तशाच झोपड्यांवर पडून सहा जण गेले, आणि त्याच रात्री मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून वीसहून अधिक माणसे मेली. मालाडची घटना बांधकामाच्या साइटवरची नव्हती, पण भिंत, तिच्यामागे तुंबलेले पाणी आणि खाली झोपलेली माणसे हा मेळ तोच होता.

या मेळाचे गणित कठीण नाही, पण तक्ते भरणाऱ्यांपैकी फार थोडे ते मांडून पाहतात, म्हणून इथे मांडतो. तीन मीटर उंचीच्या भिंतीमागे कोरडी, मोकळी माती असेल तर तिचा आडवा दाब भिंतीच्या दर धावत्या मीटरला साधारण पावणेतीन टन भरतो. त्याच मातीत वरपर्यंत पाणी भरले तर पाण्याचाच दाब साडेचार टन होतो, भिजलेल्या मातीचा दीडेक टन वेगळा, म्हणजे एकूण सहा टन. एका रात्रीच्या पावसाने भिंतीवरचा भार दुपटीहून अधिक होतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीही बदललेले दिसत नाही. शिवाय हा दाब उंचीच्या वर्गाने वाढतो. भिंतीच्या पायाजवळची माती आपण पोकलेनने काढली की एका बाजूने तिचा आधार जातो आणि दुसऱ्या बाजूने तिची दाब झेलणारी उंची वाढते, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. तेव्हा ‘अठरा वर्षे उभी आहे’ हा शक्यतेचा पुरावा होऊच शकत नाही. ती अठरा वर्षे पायथा शाबूत असतानाची होती, आणि तो पायथा आम्हीच उघडा पाडला होता. पुण्यात आणखी एक समजूत घट्ट बसलेली आहे की खाली काळा पाषाण आहे, इथे खोदाईला कसली भीती? पाषाण आहे, पण त्याच्यावर मुरूम आहे, मुरमावर काळी माती आहे आणि उतारावरच्या किंवा ओढ्याकाठच्या प्लॉटवर त्याहीवर कोणी कधी टाकलेला राडारोडा आहे. पडते ते हे वरचे.

आता गुणाकाराकडे येतो. एक ते पाच हे आकडे मोजमापाचे नाहीत, ते पायऱ्यांचे आहेत. परिणामाचे पाच गुण म्हणजे एक गुणाच्या पाचपट परिणाम नव्हे. खरचटण्याला एक गुण आणि दहा माणसे गाडली जाण्याला पाच गुण देऊन त्यांचे प्रमाण एकास पाच आहे असे कोणी तोंडाने म्हणणार नाही, पण गुणाकार केला की तक्ता नेमके तेच म्हणतो. पाच गुणिले एक पाच आणि एक गुणिले पाचही पाचच, म्हणून माझ्या तक्त्यात ‘शेजारची भिंत कामगारांच्या खोल्यांवर पडणे’ आणि ‘गेटवरच्या वहीत सही राहून जाणे’ हे दोन धोके एका ओळीत बसू शकत होते. गंमत म्हणून सांगतो, पाच बाय पाचच्या या चौकटीत पंचवीस घरे असली तरी वेगवेगळे गुणाकार चौदाच येतात. सात कधी येत नाही, अकरा येत नाही, तेरा येत नाही. इतक्या भरड चाळणीतून धोके चाळायचे आणि मग बारा आणि पंधरा यांच्यातल्या फरकावर बैठकीत तासभर वाद घालायचा, हे मी वर्षानुवर्षे केले आहे.

हा दोष लक्षात येणारा मी पहिला नाही. चाकण-भोसरीच्या मोटार उद्योगात काम करणाऱ्या कोणालाही ‘आरपीएन’, म्हणजे धोक्याचा अग्रक्रम सांगणारा आकडा, विचारा. तीव्रता, वारंवारता आणि दोष पकडता येण्याची शक्यता यांना प्रत्येकी दहापैकी गुण देऊन तिन्हींचा गुणाकार करण्याची पद्धत त्या उद्योगाने अनेक दशके वापरली. अमेरिकी आणि जर्मन मोटार संघटनांनी २०१९ मध्ये एकत्रित पद्धत काढली तेव्हा हा गुणाकार त्यांनी काढून टाकला आणि त्याजागी कृतीची निकड ठरवणारा कोष्टक-तक्ता आणला, ज्यात तीव्रतेला पहिला मान आहे. ज्या वर्षी कोंढवा घडले त्याच वर्षी आपल्या शेजारच्या कारखान्यांना पेट्रोलच्या नळीच्या बाबतीत जे उमगले, ते आपल्याला माणसांच्या बाबतीत अजून उमगायचे आहे.

यावर बांधकाम व्यावसायिकांचा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो मीही घेत असे. शक्यता विचारात न घेता केवळ परिणाम पाहिला तर प्रत्येक धोका जीवघेणा ठरेल आणि कामच थांबेल. शक्यता पाहूच नये असे मी म्हणत नाही. आधी परिणामाने गट पाडा, एकाहून अधिक जीव जाऊ शकतात असे धोके वेगळे काढा आणि त्या गटाच्या आत शक्यतेने क्रम लावा. म्हणजे भिंतीची स्पर्धा स्टीलच्या दराशी होणार नाही, राफ्टच्या म्हणजे पायाच्या जाड स्लॅबच्या सळयांच्या जाळीशी आणि लिफ्टच्या दोराशी होईल. अशा गटात साध्या निवासी इमारतीत सहा-सात ओळींपेक्षा जास्त भरत नाहीत, आणि सहा-सात गोष्टींनी कोणाचे काम थांबत नाही. पैशाचे आणि मुदतीचे धोके खुशाल दुसऱ्या कागदावर ठेवा आणि त्यांचा हवा तेवढा गुणाकार करा.

शक्यतेविषयी आणखी एक गोष्ट आयुक्तांनाच सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्या खुर्चीवरूनच दिसते. एखादी दुर्घटना शंभर साइटपैकी एकीवर घडेल असे धरू. त्या साइटच्या अभियंत्याच्या दृष्टीने ती ‘दुर्मीळ’च आहे आणि त्याने एक गुण दिला तर तो खोटे बोलत नाही, त्याच्या साऱ्या नोकरीत ती कदाचित कधी घडणारही नाही. पण ज्या महापालिकेच्या हद्दीत अशा हजार साइट चालू असतील, तिच्या दृष्टीने त्या दहा दुर्घटना आहेत. एकेका साइटवर एक गुण योग्य असूनही शहरासाठी तो चुकीचा असतो, म्हणून हा प्रश्न प्रत्येक बांधकाम व्यावसायिकाच्या विवेकावर सोडून सुटणार नाही.

तक्ता कोणत्या वेळेचा असतो, हेही पाहावे लागेल. येरवड्यात शास्त्रीनगरजवळ ३ फेब्रुवारी २०२२ रोजी स्लॅबसाठी बांधलेली सळयांची जाळी कोसळून पाच मजूर मेले, ती वेळ रात्रीची. समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यात ३१ जुलै २०२३ च्या रात्री गर्डर बसवणारे यंत्र कोसळून २० जण गेले. कोंढवा आणि आंबेगावही रात्रीचेच. ठाण्यात बाळकुमला १० सप्टेंबर २०२३ रोजी चाळीस मजली इमारतीची बांधकामाची लिफ्ट पडून सात कामगार मेले, ती घटना तेवढी दिवसाउजेडीची. आमचा तक्ता मात्र सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एवढ्याच वेळेचा असतो, कारण तो भरणारा माणूस तेवढाच वेळ साइटवर असतो. खोल्यांत झोपलेली बाई आणि तिचे मूल हे त्याच्या लेखी कामगार नाहीत, ती हजेरीपटावर नाहीत, त्यांना हेल्मेट दिलेले नाही, आणि म्हणून एकतीस ओळींत त्यांची एकही ओळ नसते. इमारत कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने, चौतिसाव्या कलमात, कामगारांना राहण्याची तात्पुरती सोय विनामूल्य द्यावी आणि ती साइटवर किंवा साइटच्या शक्य तितक्या जवळ असावी, असे सांगितले. हेतू चांगला होता. पण जवळ म्हणजे भिंतीच्या किती जवळ, हे त्या कलमात नव्हते.

धोक्याचा क्रम रोज बदलतो, हे येरवड्याच्या प्रकारावरून कळते. सळईचे वजन काढायचा हिशेब आमच्या प्रत्येक फिटरला तोंडपाठ असतो, व्यासाचा वर्ग भागिले १६२. बत्तीस मिलिमीटरच्या सळईला हे मीटरमागे सव्वासहा किलोच्या वर जाते. अशा सळया दोन्ही दिशांनी दीडशे मिलिमीटरवर बांधल्या तर वरच्या जाळीचे वजन चौरस मीटरला चौऱ्याऐंशी किलो होते, आणि दहा मीटर बाय दहा मीटरच्या तुकड्याला साडेआठ टनांच्या जवळपास. हा सगळा भार सळया वाकवूनच केलेल्या ‘चेअर’वर म्हणजे घोड्यांवर उभा असतो, आणि त्या घोड्यांचे ड्रॉइंग बहुतेक ठिकाणी कोणी काढलेले नसते. काँक्रीट पडून गेले की हा धोका संपला, जाळी सुरू होण्याआधी तो नव्हताच. ज्या चार दिवसांत माणसे जाळीखाली शिरून तारा बांधत असतात त्या चार दिवसांपुरता तो साइटवरचा पहिल्या क्रमांकाचा धोका आहे. तीन महिन्यांनी उजळणी होणाऱ्या तक्त्यात तो ‘मध्यम’ या रंगात कायमचा पिवळा पडलेला असतो.

तक्ता कोणाला विचारून भरतात, हाही भाग आहे. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत बांधकाम व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर वर्गातली मुले प्रश्नावली घेऊन यायची. बांधकामातले चाळीस-पन्नास धोके, प्रत्येकाला एक ते पाच गुण द्या, मग सर्वांच्या गुणांवरून सापेक्ष महत्त्वाचा निर्देशांक काढून क्रमवारी लावणार. मी असे दहा-बारा फॉर्म तरी भरले असतील, आणि मुले कष्टाळू असल्यामुळे चहाही पाजला. पण फॉर्म प्रकल्प व्यवस्थापक, नियोजन अभियंता, आर्किटेक्ट आणि सल्लागार यांच्याकडेच जायचा, मुकादमाकडे किंवा सेंटरिंगच्या म्हणजे स्लॅबखालच्या तात्पुरत्या आधाराच्या मिस्त्रीकडे गेलेला मी पाहिला नाही. ज्यांना बिल उशिरा मिळण्याची भीती असते त्यांनी क्रमवारी लावली की बिल उशिरा मिळणे वर येते, यात नवल नाही. मुलांना मी दोष देत नाही, आम्हीही साइटवर तेच करत होतो.

आता मागणीकडे वळतो. परवानगीच्या आपल्या व्यवस्थेत काही ठरलेले थांबे आहेत. बांधकाम सुरू करण्याचा दाखला मिळतो, जोत्यापर्यंत काम आले की तपासणी होते, शेवटी भोगवटा पत्र मिळते. या थांब्यांच्या मधली जागा पाहावी. दाखला मिळतो तेव्हा जमीन सपाट असते, जोते तपासायला अभियंता येतो तेव्हा तळघर बांधून, बाजूचा भराव टाकून झालेला असतो. खड्डा पूर्ण खोलीला उघडा असतो ते तीन-चार महिने नेमके या दोन थांब्यांच्या मध्ये पडतात, आणि पुष्कळदा त्यांतच पावसाळा येतो. जोत्याची तपासणी नकाशाशी बांधकाम जुळते का हे पाहण्यासाठी योजलेली आहे आणि त्या कामाला ती योग्य आहे. खड्डा पाहण्यासाठी मात्र कोणताच थांबा नाही.

म्हणून माझी विनंती आहे की दीड मीटरहून खोल खोदाई असलेल्या प्रत्येक कामाला खोदाईपूर्वीचा एक स्वतंत्र थांबा असावा. दीड मीटर हा आकडा मी मनाने काढलेला नाही, खोदाईच्या सुरक्षेविषयीचे भारतीय मानक ३७६४ त्याच खोलीपासून पुढे चराच्या बाजूंना आधार द्यायला सांगते. या थांब्याला एकच पान मागावे. त्यावर एकाहून अधिक जीव घेऊ शकणाऱ्या धोक्यांच्या ओळी असाव्यात, क्रमाने, गुणाकाराविना. खोदाईच्या खोलीच्या दुप्पट अंतरात येणारी प्रत्येक शेजारची भिंत, पाण्याची टाकी आणि इमारत यांची एकेक ओळ त्यात सक्तीची असावी, भिंतीच्या दोन्ही अंगांच्या जमिनीची पातळी आणि पाणी निघायची भोके आहेत की नाहीत हे लिहिलेले असावे, आणि माणसे कुठे झोपणार हे नकाशावर दाखवलेले असावे. मातीचा भार पेलणाऱ्या कोणत्याही भिंतीपासून तिच्या उंचीच्या दीडपट अंतरात झोपायची खोली नसावी. भिंत मोकळ्या जमिनीवर नुसती आडवी झाली तर तिच्या उंचीइतके अंतर घेते, सोबत माती आणि मोटारी येतात म्हणून मी दीडपट धरले आहे. आपल्या तज्ज्ञांना अधिक योग्य वाटले तर अधिक धरावे, कमी धरू नये.

प्रत्येक ओळीसमोर दोन गोष्टी आणखी हव्यात. पहिली, हा धोका आधी इशारा देतो का, आणि देत असेल तर तो कोण, किती वेळाने पाहणार. भिंत इशारा देते, पोट काढते, भेगा दाखवते. सळयांची जाळी आणि सेंटरिंग फारसा देत नाहीत, म्हणून दोन्हींना सारखी शक्यता असेल तर जाळीचा क्रमांक वरचा. दुसरी, काम थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे त्याचे नाव. हे नाव साइटवर हजर असणाऱ्या माणसाचे हवे, मुख्य कार्यालयातल्या उपाध्यक्षांचे नव्हे. मुकादमाने पट्टीवर चीर दाखवली तेव्हा मला खोल्या रिकाम्या करायला सांगण्याचा अधिकार होता की नव्हता, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. आणि नक्की माहीत नसल्यामुळे मी ईमेल पाठवला.

हे पान मराठीत आणि हिंदीत गेटवर लावावे, १ जूनला सगळ्यांनी नव्याने भरावे आणि मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यावर पुन्हा सही व्हावी. आपल्या अभियंत्यांवर आधीच कामाचा किती भार आहे याची मला कल्पना आहे, त्यांनी सगळे पान तपासावे असे मी म्हणत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्यांनी साइटवर जाऊन पानावरची कोणतीही एक ओळ निवडावी आणि ‘ही मला दाखवा’ एवढेच म्हणावे. ज्याने पान ऑफिसात बसून दुसऱ्या प्रकल्पावरून उतरवले असेल, तो ती ओळ दाखवायला निघाला की कुठे जायचे हेच त्याला कळत नाही. उतरवलेले तक्ते मी इतके पाहिले आहेत की एकदा सपाट जमिनीवरच्या गोदामाच्या कामात मला ‘टॉवर क्रेन उलटणे’ हा धोका तिसऱ्या क्रमांकावर सापडला होता.

बांधकाम व्यावसायिकांनाही दोन शब्द. कामगारांच्या खोल्या कुठे बांधायच्या हा निर्णय आपल्याकडे सर्वांत शेवटी आणि सर्वांत खालच्या माणसाकडून होतो. प्लॉटचा आराखडा आखताना सेल्स ऑफिस, नमुना सदनिका, सळयांचे यार्ड, सिमेंटचे गोदाम यांच्या जागा ठरतात, मग उरलेल्या कडेच्या पट्टीत पत्रे उभे राहतात. कडेला भिंत असते. तेव्हा खोल्यांची जागा पहिल्या आराखड्यातच ठरवली, तर माझ्या त्या सहा-सात ओळींपैकी एक ओळ काहीही खर्च न होता कमी होते. प्लॉट लहान असेल तर बाहेर जागा भाड्याने घ्यावी लागेल, त्याचा खर्च होईल, आणि तो अंदाजपत्रकात लिहावा लागेल. खड्ड्याच्या बाजू धरून ठेवणाऱ्या शोअर पाइलिंगचा लिहितो तसाच.

पुढचा पावसाळा सुरू होण्याआधी निदान एका प्रभागात हे करून पाहावे, अशी विनंती आहे. पानाचा नमुना मी तयार केला आहे, तो आपल्या कार्यालयात स्वतः आणून देईन. तो भरून दाखवायला कोणत्याही साइटवर, कोणत्याही दिवशी, विनामोबदला येण्याची माझी तयारी आहे. मात्र पान साइटवरच, उभ्याने भरायचे आणि त्या वेळी मुकादमाला बोलवायचे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे